नादारीचा अर्ज, कर्जाची यादी आणि वकिलाची निवड

प्रति,
मा. संपादक,

विषय : कर्जबाजारी झालेल्या माणसाने नादारीचा अर्ज करण्यापूर्वी वकील कसा पाहावा, याविषयी

महोदय,

वडगाव, शहापूर, खासबाग या विणकरांच्या भागात गेले वर्षभर एक जाहिरात कधी विजेच्या खांबावर, कधी दुकानाच्या फळीवर, तर कधी मोबाईलवर सारखी समोर येते. कर्ज फिटत नसेल तर आम्ही ‘कायदेशीर दिवाळखोरी’ करून देतो, हप्ते थांबवा, वसुलीवाला दारात येणार नाही, असा तिचा मजकूर असतो. खाली पत्ता नसतो, वकिलाचे नाव नसते. असतो तो फक्त एक फोन नंबर. मी वकील नाही. एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर तीस वर्षे हिशेबनीस होतो, त्यामुळे उधारी कशी साचत जाते आणि कर्जदार कोणत्या टप्प्यावर स्वतःच्या घरातच खोटे बोलू लागतो, एवढे मात्र जवळून पाहिले आहे. अशाच एका नंबरावर विसंबून माझ्या मेहुण्यांची जी फरफट झाली, तिच्यावरून चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात म्हणून हे पत्र.

मेहुण्यांचे आठ यंत्रमाग होते. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत मागाच्या शेडमध्ये पाणी शिरले, त्यातून सावरण्याआधीच पुढच्या वर्षी टाळेबंदी आली, आणि सूत रोखीने घ्यायचे पण साडी उधारीवर द्यायची या आमच्या धंद्याच्या जुन्या दुखण्याने उरलेले भांडवलही गिळले. घर आणि माग बँकेकडे तारण, दोन पतसंस्थांचे जामीनकीचे कर्ज, सूतवाल्याची बाकी, पत्नीच्या नावावर महिला गटाचे कर्ज, एक उचललेली भिशी आणि पाहुण्यांचे हातउसने असा सगळा पसारा होता. फोनवरच्या कंपनीने ३५,००० रुपये घेतले, हप्ते भरू नका म्हणून सांगितले, आणि नोटीस आली तर उघडून डोक्याला ताप करून घेण्यापेक्षा तिचा फोटो आम्हाला पाठवा असा सल्ला दिला. सात महिने नोटिसा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठत राहिल्या. त्यानंतर तो नंबर लागेनासा झाला. डबा माझ्यापुढे उघडला तेव्हा त्यात साठ दिवसांत कर्ज फेडा, नाहीतर तारण ताब्यात घेऊ अशी बँकेची नोटीस होती, तिची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

त्या नोटिशीला उत्तर दिले असते तर बँकेला पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा लागला असता, आणि ताब्याची कारवाई झाल्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्यास पंचेचाळीस दिवस मिळतात. या मुदती २००२ च्या सरफेसी कायद्यातल्या, म्हणजे दावा न लावता तारणावरून वसुली करण्याची मुभा बँकांना देणाऱ्या कायद्यातल्या आहेत. सहकारी बँकांनाही तो कायदा लागू आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी दिला, आणि त्या प्रकरणातली बँक आपल्या शेजारच्याच मुरगूडची होती. तरीही ‘सहकारी बँक आहे, आपलीच माणसे आहेत, घराला हात लावणार नाहीत’ असे म्हणणारे लोक मला आजही भेटतात.

आता मूळ विषयाकडे येतो. आपल्याकडे ‘दिवाळे काढले’ हे शिवीसारखे वापरतात. कायद्याच्या जुन्या मराठीत त्याला नादारी म्हणतात, आणि तो कर्जदाराला कायद्यानेच दिलेला एक मार्ग आहे. पण तो कोणता मार्ग आहे, हे जाहिरात सांगत नाही. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आली तेव्हा आता सामान्य माणसालाही तिचा आधार मिळेल असे पुष्कळांना वाटले होते. प्रत्यक्षात तिचा व्यक्तींसाठी असलेला भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. ज्याचे वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा, मालमत्ता २०,००० रुपयांपेक्षा आणि कर्ज ३५,००० रुपयांपेक्षा अधिक नाही, अशा गरिबाला नव्याने उभे राहू देणारे एक प्रकरणही त्याच संहितेत आहे, पण ते अजून कागदावरच आहे. म्हणजे उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्री कंपनीच्या संचालकाने बँकेला हमी दिली असेल तर त्याचा मामला नव्या कायद्याने बेंगळूरला चालतो. वडगावचा विणकर, खानापूरचा वीटभट्टीवाला किंवा निपाणीचा तंबाखू व्यापारी मात्र स्वतःच्या नावावरच्या कर्जासाठी आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली आपल्याच जिल्ह्याच्या न्यायालयात अर्ज करतो. त्या अर्जासाठी किमान ५०० रुपयांचे कर्ज असावे लागते, यावरूनच त्या कायद्याचे वय लक्षात यावे. घरातली मुले मोबाईलवर शोधून ‘चॅप्टर सात’ आणि ‘चॅप्टर तेरा’ असे काही सांगू लागली तर ती अमेरिकेच्या कायद्यातली प्रकरणे आहेत, बेळगावच्या कोर्ट आवारात त्यांचा काही उपयोग नाही.

या जुन्या कायद्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे जो वकील पहिल्या बैठकीत सांगत नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. न्यायालयाने नादार ठरवले की कर्जदाराची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने ती सांभाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे रिसीव्हरच्या, ताब्यात जाते, आणि सावकारांना (म्हणजे ज्यांचे ज्यांचे देणे आहे त्या सगळ्यांना) न्यायालयाच्या परवानगीवाचून त्याच्यामागे वेगळी वसुली लावता येत नाही. कारागिराची अवजारे, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, शेतकऱ्याचे राहते घर व औते अशा ज्या वस्तूंवर दिवाणी कायद्याने जप्ती येत नाही, त्या यातून वगळलेल्या आहेत. मात्र ज्याच्याकडे घर किंवा सोने तारण आहे त्या सावकाराचा तारणावरचा हक्क नादारीने सुटत नाही. मेहुण्यांचे सर्वांत मोठे कर्ज तारणाचेच होते, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. सरकारी देणे, फसवणुकीतून झालेले देणे आणि न्यायालयाने ठरवलेली पोटगी, न्यायालयाने कर्जातून शेवटी सुटका दिल्यानंतरही माफ होत नाही. जामीनदारही सुटत नाही. कर्जदार नादार झाला की पतसंस्था जामीनदाराच्या पगारावर येते. धनादेश न वटल्याचा खटला फौजदारी असल्यामुळे केवळ नादारीचा अर्ज केला म्हणून तो थांबेल असे कोणी समजू नये. २०१६ च्या संहितेखाली अर्ज करताच वसुलीला मिळणारी अंतरिम स्थगितीही अशा खटल्याला अडवत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे. कर्ज देताना सह्या करून घेतलेले कोरे धनादेश आपल्याकडे प्रत्येक संस्थेच्या कपाटात असतात, म्हणून ही बाब इथे विशेष महत्त्वाची.

उलट तुरुंगात जावे लागेल, ही जी लोकांना सर्वांत जास्त धास्ती असते ती बाळगण्याची तितकी गरज नाही. पैसे नसल्यामुळे फेडता आले नाहीत एवढ्याच कारणावरून प्रामाणिक कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. वसुलीवाले ‘उद्या पोलीस येतील’ म्हणतात तेव्हा हे आठवावे.

मेहुण्यांनी केलेली मोठी चूक मात्र त्यांची स्वतःची होती. घाबरून त्यांनी आईकडून आलेला एक जागेचा तुकडा बक्षीसपत्राने पत्नीच्या नावावर केला, आणि भिशीचे उरलेले पैसे वापरून सख्ख्या चुलतभावाचे हातउसने आधी फेडून टाकले. व्यवहारात ही माणुसकी वाटते. नादारीच्या कायद्यात ती अंगाशी येते. मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतर अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतले असेल तर रिसीव्हर ते रद्द करून मागू शकतो, आणि इतरांना डावलण्याच्या हेतूने एकाच सावकाराला आधीच्या तीन महिन्यांत फेडले असेल तर तेही उलटवता येते. मालमत्ता किंवा वह्या लपवल्याचे सिद्ध झाले तर त्या कायद्यात एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे. म्हणून वकिलाकडे जायची वेळ हप्ता चुकला त्या महिन्यात असते, जागा नावावरून उतरवल्यावर नव्हे. अंग सोडवून घेण्यासाठी आपण आधी काहीतरी करतो आणि वकिलाला मागून ते निस्तरायला सांगतो, ही आपल्या भागाची रीतच झाली आहे.

हिशेबनीस म्हणून एक गोष्ट जरा विस्ताराने सांगतो. अर्जाचा पाया म्हणजे कर्जाची यादी. कर्जदार यादी करायला बसला की बँक आणि पतसंस्था लगेच सांगतो, सूतवाल्याचे नाव थोड्या वेळाने निघते, आणि भिशी, सोन्यावरचे पैसे, बायकोच्या गटाचे कर्ज, सासुरवाडीचे हातउसने ही मंडळी तिसऱ्या दिवशी, तीही बायको समोर नसताना बाहेर पडतात. आमच्या मेहुण्यांच्या यादीत पहिल्या दिवशी चार नावे होती, आठवड्याने अकरा झाली. प्रत्येक नावापुढे मुद्दल किती, आजवर दिले किती, शेवटचा भरणा कोणत्या तारखेचा, तारण काय, जामीनदार कोण, धनादेश किती दिले आणि कागद कोणाकडे आहे, एवढे लिहिल्याखेरीज वकिलाने मत देऊ नये आणि कर्जदाराने मागूही नये. शेवटच्या भरण्याची तारीख यासाठी हवी की, साध्या उसनवारीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण त्या मुदतीत लेखी कबुली दिली की ती पुन्हा नव्याने मोजली जाते. वसुलीवाल्याने पुढे केलेल्या ‘नुसत्या पोच’ कागदावर सही करण्यापूर्वी तो वकिलाला दाखवावा तो याचसाठी. आजोबांच्या पिढीतल्या न शिकलेल्या माणसालाही दामदुपटीचा नियम तोंडपाठ होता. मुंबई इलाख्यात आपला भाग असताना एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त नसावे, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नसे. आज पदवीधराला स्वतःच्या कर्जाचा व्याजदर महिन्याचा आहे की वर्षाचा, हे सांगता येत नाही.

आता वकिलाविषयी. मेहुण्यांचे पहिले वकील ओळखीतून मिळालेले, बोलायला गोड, फी माफक. दोन महिन्यांनी कळले की ज्या दोन पतसंस्थांचे देणे होते त्यांतल्या एकीच्या पॅनेलवर, म्हणजे तिच्या नेमलेल्या वकिलांत, तेच होते. त्यांनी ते दडवले असे मी म्हणत नाही, कदाचित विचारले गेले नाही एवढेच. पण आपल्या गावात वकील, संचालक आणि जामीनदार एकाच लग्नाच्या पंगतीला बसतात, म्हणून ‘माझ्या यादीतल्या कोणत्या संस्थेचे काम आपण करता?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत, यादी समोर ठेवून विचारलाच पाहिजे. कर्जदार आणि जामीनदार यांनीही एकच वकील करू नये. जामीनदाराने पैसे भरले तर ते कर्जदाराकडून परत मागण्याचा त्याला कायद्याने हक्क आहे, म्हणजे आज एका बाकावर बसलेले हे दोघे उद्या समोरासमोर उभे राहू शकतात.

दुसऱ्या वकीलबाई भेटल्या त्यांनी फीचा आकडा सांगण्याआधी डबा मागितला. तीन बैठका झाल्या तरी वकीलपत्रावर सही घेतली नव्हती. पूर्वी नादारीचे किती अर्ज चालवले असे विचारल्यावर त्यांनी दोनच म्हणून सरळ सांगितले, आणि एकात काय चुकले तेही सांगितले: नादार ठरवणाऱ्या आदेशात सुटकेचा अर्ज करण्यासाठी न्यायालय मुदत घालून देते, ती पक्षकाराने चुकवली, आदेश रद्द झाला, आणि पुन्हा अर्ज करायला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. हा सुटकेचा अर्ज म्हणजेच सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे, आणि मालमत्तेतून रुपयामागे निदान आठ आणे वसूल होत नसतील तर ते का होत नाहीत, त्यात आपला दोष कसा नाही, हे न्यायालयाला पटवावे लागते. पूर आणि टाळेबंदी यांचे कागद जपून ठेवायला त्यांनी सांगितले ते त्यासाठी. असे अर्ज आपल्याकडे फारच कमी होतात, त्यामुळे शेकडो प्रकरणे चालवलेला ‘नादारीतज्ज्ञ’ शोधत बसण्यात अर्थ नाही. दिवाणी कामाची सवय, धनादेशाच्या खटल्यांचा आणि बँकेशी तडजोडीचा अनुभव आणि कायदा उघडून वाचण्याची तयारी असली तरी पुष्कळ झाले. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने त्याची प्रकरणे पाहता येतात. तेवढे घरबसल्या करावे.

फीबाबत संकोच करू नये. कोणत्या टप्प्याला किती, ते लिहून घ्यावे आणि पावती मागावी. वसुलीच्या किंवा सुटलेल्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवणे वकिलांच्या नियमांत बसत नाही, आणि जाहिरात करून पक्षकार गोळा करणेही बसत नाही. खांबावरच्या त्या जाहिरातीमागे वकील असला तरी तो कोणत्या प्रकारचा असेल याचा अंदाज एवढ्यावरून बांधता येतो. फी राहिली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडकवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले आहे. मात्र १४ मे २०२४ च्या निकालानंतर वकिलाच्या सेवेविरुद्ध ग्राहक मंचाकडे जाता येत नाही. गैरवर्तणुकीची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करता येते, पण तिथून गेलेली मुदत परत मिळत नाही.

सीमाभागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या लोकांचे पाहुणे कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडला, त्यामुळे सल्लाही तिकडूनच येतो. तिकडचे वकील इथे उभे राहू शकतात, कायद्याने आडकाठी नाही. परंतु महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा किंवा २०१७ व २०१९ च्या तिकडच्या कर्जमाफी योजना इकडच्या कर्जदाराला लागू होत नाहीत. इथे १९६१ चा कर्नाटकाचा सावकारी कायदा आहे, आणि लघुकर्जाच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम आणि त्यामागोमाग कायदा झाला, ज्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या संस्था त्यातून वगळल्या आहेत, पण सूक्ष्मकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम त्यांना लागू आहे. भाषेचा वाद हा या पत्राचा विषय नाही. तरी कन्नड किंवा इंग्रजी कागदावर सही करण्यापूर्वी तो मराठीत वाचून दाखवा, असे वकिलाला म्हणायला लाजू नये. दोन्ही भाषा जाणणाऱ्या आणि त्या शांतपणे समजावून सांगणाऱ्या वकिलांची बेळगावात वाण नाही.

वकीलबाईंनी शेवटी मेहुण्यांना अर्ज करू नका असेच सांगितले. मोठे कर्ज तारणाचे, उरलेले तडजोडीने उतरवता येण्याजोगे, आणि नुकतेच केलेले बक्षीसपत्र अर्जात आडवे येणारे, ही त्यांची कारणे होती. जागा पुन्हा मेहुण्यांच्या नावावर नोंदवून ती रीतसर विकली, त्यातून बँकेशी एकरकमी तडजोड झाली, आणि एका पतसंस्थेचा दावा लोकअदालतीत मिटला. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून तिथे बसण्यापूर्वी आकडा घरी दोनदा तपासून जावा. दुसऱ्या संस्थेचे प्रकरण अजून चालू आहे, आणि मागांपैकी तीन चालतात.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा आणि तालुका विधी सेवा प्राधिकरणे आहेत. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० हा त्यांचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. महिला गटाच्या कर्जात अडकलेल्या आमच्या गल्लीतल्या बायकांपैकी एकीलाही हे ठाऊक नव्हते. आपल्या दैनिकाच्या तालुका पानावर राशिभविष्याशेजारी चार ओळींची जागा काढून या प्राधिकरणांच्या शिबिरांच्या आणि लोकअदालतीच्या तारखा नियमित छापाव्यात, एवढी विनंती करतो.

आपला,
एक वाचक
वडगाव, बेळगाव